बिघडलेली प्रत पुसू नका

सर्व्हरवर चढवलेली फाइल उघडत नाही असा निरोप आला की पलीकडून बहुधा एकच उत्तर येते: पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवलेली फाइल कधी नीट पोचते, कधी त्याच जागी मोडते. नीट पोचली तर सगळे आपापल्या कामाला लागतात आणि आधीची मोडकी प्रत कुणीतरी पुसून टाकते. हे पुस्तक त्या पुसण्याविरुद्ध लिहिले आहे. काय घडले हे सांगू शकणारी वस्तू त्या सर्व्हरवर एकच असते, ती म्हणजे ती मोडकी प्रत. लॉगमध्ये 'ट्रान्सफर पूर्ण' एवढेच लिहिलेले असते. पाठवणारा शपथेवर सांगतो की त्याच्याकडे फाइल व्यवस्थित उघडते, आणि तो खरेच सांगत असतो. प्रत गेली की उरतात ते तर्क: नेट स्लो होते, केबल लूज असेल, सर्व्हरवर लोड होता.

फाइल 'करप्ट' झाली असे आपण म्हणतो तेव्हा मनात चित्र असते ते विस्कटलेल्या, काहीही अर्थ नसलेल्या ढिगाऱ्याचे. प्रत्यक्षात ढिगारा क्वचितच सापडतो. बिघाडाला जवळजवळ नेहमी आकार असतो, आणि त्या आकारावरून तो कुणी केला हे ओळखता येते. फाइल किंचित वाढली की घटली, शेपूट तुटले की डोक्यावर काही चिकटले, मधेच शून्यांचा पट्टा आला की एखादाच बिट उलटला, यातला प्रत्येक प्रकार वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. म्हणून मूळ फाइल आणि पोचलेली फाइल शेजारी ठेवायची, दोन्हींची लांबी बाइटांत लिहून घ्यायची आणि वजाबाकी करायची. या पुस्तकातली निम्म्याहून अधिक निदाने या वजाबाकीतून सुरू होतात.

सगळ्यात जुन्या आणि आजही भेटणाऱ्या बिघाडापासून सुरुवात करू. एफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीचा पहिला आराखडा १९७१ च्या एप्रिलमध्ये एमआयटीतल्या अभय भूषण यांनी मांडला. कानपूरच्या आयआयटीतून १९६५ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले हे अभियंते. त्या काळी नेटवर्कवर जोडलेली यंत्रे एकमेकांसारखी नव्हती. कुठे ३६ बिटांचा शब्द, कुठे ८ बिटांचा बाइट. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर अक्षरांची संकेतप्रणालीच निराळी. ओळ कुठे संपते हे दाखवण्याची रीतही प्रत्येकाची स्वतःची. मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना त्याचे रूप बदलावेच लागे, आणि ते काम एफटीपीने अंगावर घेतले. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी लिहिलेल्या, आजही आधार मानल्या जाणाऱ्या आवृत्तीत काही न सांगितल्यास फाइल मजकूर आहे असेच धरले जाते. यालाच आपण आस्की मोड म्हणतो. तेव्हाच्या गरजेला हे योग्य उत्तर होते, त्याला चूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. नंतर याच वाटेने फोटो, झिप आणि पीडीएफ जाऊ लागले, आणि जे भाषांतर मजकुराला उपकारक होते तेच त्यांना मारक ठरले.

ते भाषांतर नेमके काय करते? युनिक्सवर ओळीचा शेवट एका बाइटाने दाखवतात, त्याची किंमत १०. विंडोजवर दोन बाइट लागतात, आधी १३ आणि मग १०. आस्की मोडमध्ये युनिक्सकडून विंडोजकडे फाइल आली की वाटेत प्रत्येक १० च्या आधी एक १३ घातला जातो. उलट दिशेने १३-१० ही जोडी दिसेल तिथला १३ गळतो. आता हिशेब करा. झिप किंवा जेपेगसारख्या आवळलेल्या फाइलमध्ये ० ते २५५ या सगळ्या किमती जवळपास सारख्याच वेळा येतात, म्हणजे सरासरी २५६ बाइटांत एक १० असतो. एक एमबीच्या, म्हणजे १०,४८,५७६ बाइटांच्या फाइलमध्ये तो साधारण ४,०९६ वेळा येईल आणि विंडोजवर उतरलेली फाइल तेवढ्याच बाइटांनी फुगलेली असेल. उलट दिशेला १३ च्या लगेच पुढे १० येण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. त्याच एक एमबीत अशा जोड्या जेमतेम १६, म्हणून फाइल फक्त १६ बाइटांनी घटते. इतका लहान फरक फाइल मॅनेजरमध्ये केबीत दिसत नाही, आणि 'साइझ तर सारखीच आहे' म्हणून माणूस तपास सोडून देतो. आकार नेहमी बाइटांत पाहा, हा आग्रह या पुस्तकात जागोजागी आढळेल, त्याचे कारण हे.

पीएनजी ही चित्रांची पद्धत १९९६ मध्ये आली तेव्हा तिच्या रचनाकारांना हा सगळा त्रास पुरता ठाऊक होता. प्रत्येक पीएनजी फाइल आठ ठरलेल्या बाइटांनी सुरू होते: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिला १३७ मुद्दाम १२७ च्या वर ठेवला, म्हणजे वाटेत कुणी आठवा बिट कापला तर लगेच कळेल. पुढची तीन म्हणजे पी, एन, जी ही अक्षरे. मग १३-१० ही जोडी: कुणी तिच्यातला १३ गाळला तर ती मोडेल. २६ आहे तो जुन्या डॉसवर फाइल चुकून पडद्यावर छापायला घेतली तर तिथेच थांबावी म्हणून. शेवटी एकटा १०, त्याच्या आधी १३ घुसला तर तेही दिसेल. आठ बाइटांत तीन प्रकारच्या बिघाडांसाठी सापळे लावून ठेवले आहेत. संगणकाच्या क्षेत्रात इतकी विचारपूर्वक केलेली लहान गोष्ट मला दुसरी माहीत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याने या आठ आकड्यांची चिठ्ठी जवळ ठेवावी. कुठल्याही रांगेत एखादी पीएनजी अडकली असेल तर तिचे पहिले आठ बाइट पाहून कोणत्या दिशेला काय घडले ते सांगता येते.

बिघाड उलटवता येतो का, हा त्यानंतरचा प्रश्न, आणि तोही दिशेवर ठरतो. १३ घातले गेले असतील तर प्रत्येक १० च्या आधीचा एक १३ काढून टाकला की बहुतेक वेळा मूळ फाइल परत मिळते. १३ गळले असतील तर काम अवघड. १०० एमबीच्या आवळलेल्या फाइलमध्ये सुमारे ४,०९,६०० वेळा १० येतो. त्यांतल्या कोणत्या १,६०० च्या आधी १३ होता हे त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेले नसते. म्हणून मूळ प्रत जिवंत आहे याची खात्री होईपर्यंत पाठवणाऱ्याच्या यंत्रावर काहीही पुसू देऊ नये. 'सर्व्हरवर चढवली, आता इथली काढतो' हे वाक्य कानावर पडले की त्याला थांबवावे. एसएफटीपीच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत मजकूर-मोड नाहीच, त्यामुळे तिकडे वळलेल्यांची या एका दुखण्यातून सुटका होते. व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हरही मुळात आस्की मोड मान्य केल्यासारखे दाखवतो आणि फाइल जशीच्या तशी पाठवतो. मला ते धोरण पटते.

तुटलेले शेपूट हा दुसरा मोठा वर्ग. एफटीपीच्या नेहमीच्या पद्धतीत फाइल संपली हे सांगण्यासाठी डेटाचे कनेक्शन बंद केले जाते, दुसरी खूण नसते. मग मधल्या फायरवॉलने कनेक्शन तोडले तरी घेणाऱ्याला ते फाइल संपल्यासारखेच दिसू शकते. फरक कळतो तो आदेशांच्या कनेक्शनवर येणाऱ्या २२६ या उत्तराने. घरी लिहिलेल्या कितीतरी स्क्रिप्ट ते उत्तर वाचतच नाहीत. फाइल बरोबर २,१४,७४,८३,६४७ बाइटांवर थांबली असेल तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने लांबी ३२ बिटांत मोजली आहे. ४,२९,४९,६७,२९५ वर थांबली तर मधे फॅट३२ ची डिस्क आहे. शून्य बाइटांची फाइल दिसली तर आधी डिस्क भरली आहे का, कोटा संपला आहे का ते बघावे.

याच वर्गातला एक प्रकार मात्र फसवा आहे, कारण त्यात फाइल बिघडलेलीच नसते. एका गावात जुळवलेली वर्तमानपत्राची पाने दुसऱ्या गावच्या छापखान्यात फाइल म्हणून जातात. तिथला प्रोग्रॅम फोल्डरवर नजर ठेवून बसलेला असतो आणि नवीन नाव दिसताच ती उचलतो. पान अजून चढतच असेल तर उचलली जाते ती अर्धीच पीडीएफ. दहा मिनिटांनी कुणी सर्व्हरवर पाहिले तर तिथे पूर्ण, निरोगी फाइल असते. दोघेही खरे बोलत असतात आणि भांडण मिटत नाही. उपाय साधा आहे: फाइल तात्पुरत्या नावाने चढवायची आणि पूर्ण झाल्यावरच तिचे नाव बदलायचे. एकाच फाइल सिस्टिमवर नाव बदलणे एका क्षणात, अखंड होते. अर्धे बदललेले नाव कुणाला दिसत नाही. या एका रीतीसाठी पुस्तकात पूर्ण प्रकरण दिले आहे, कारण रात्रीचे फोन सर्वांत जास्त तिच्यामुळे कमी होतात.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी थोडे वेगळे बोलायला हवे. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांतला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला तर लॅटिन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. ती फाइल ठणठणीत असते, फाँट तेवढा नसतो. युनिकोडमध्ये 'म' हे अक्षर २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांत साठते. कुणी ते जुन्या पाश्चात्त्य संकेतात वाचले तर दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए दिसतो. इथपर्यंतही काही बिघडलेले नाही. बिघडते ते कुणी त्या अवस्थेत 'सेव्ह' केल्यावर. मग तीन बाइटांचे सहाच्या आसपास होतात, आणि मराठीपुरता त्यात आणखी एक घात आहे. हलन्ताच्या चिन्हाचा तिसरा बाइट १४१, पहिल्या उकाराचा १२९, 'झ'चा १५७, आणि विंडोजच्या त्या पाश्चात्त्य संकेतात या तिन्ही किमतींना अक्षरच नेमलेले नाही. कडक प्रोग्रॅम त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो किंवा बाइट टाकून देतो. म्हणून परत आणलेल्या मजकुरात सगळे काही ठीक दिसते, फक्त जोडाक्षरे सुटलेली असतात आणि उकार गेलेले. याचा दोष नेटवर्कला देणारी मंडळी मी पाहिली आहेत. केबल हलन्त निवडून गाळत नाही.

मजकूर नसलेल्या फाइलला मजकूर समजून वाचले की आणखी एक खूण उरते: २३९, १९१, १८९ हे त्रिकूट जागोजागी. न समजलेल्या बाइटांच्या जागी युनिकोडने दिलेले ते बदली चिन्ह आहे. ते दिसले की दुरुस्तीचा नाद सोडावा, कारण खाली काय होते ते कायमचे गेले. डोक्यावर २३९, १८७, १९१ दिसले किंवा एखादी रिकामी ओळ आढळली तर डाउनलोड पुरवणाऱ्या पीएचपीच्या स्क्रिप्टमध्ये शोधावे. तिथल्या कुठल्यातरी फाइलच्या सुरुवातीला ते तीन बाइट किंवा शेवटी एक मोकळी ओळ राहिलेली असते. आणि झिपच्या नावाखाली उतरलेली फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून पाहायला विसरू नये. पुष्कळदा आत लॉगिनचे पान निघते.

आता नेटवर्क. टीसीपीला स्वतःचा चेकसम आहे, मग वाटेत बिघाड होईलच कसा, असे विद्यार्थी विचारतात. तो चेकसम १६ बिटांचा आहे आणि साध्या बेरजेचा आहे. दोन १६-बिटी शब्दांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० मध्ये खऱ्या रहदारीची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा १,१०० ते ३२,००० पॅकेटांमागे एक पॅकेट टीसीपीच्या तपासणीत नापास होत असल्याचे दिसले. तारेवरच्या तपासण्या त्याच पॅकेटांना पास करत होत्या. तारेवर बिघाड नव्हता. तो राउटरच्या आणि यंत्रांच्या आत, एका तपासणीनंतर आणि दुसरीच्या आधी होत होता.

हा धडा त्याआधीच काहींनी मोठी किंमत देऊन शिकला होता. जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांचा १९८४ चा शोधनिबंध प्रत्येक सर्व्हरवाल्याने वाचावा. त्यात एमआयटीतली एक हकीकत आहे. तिथल्या एका गेटवेत डेटा एका बफरमधून दुसऱ्यात उतरवताना दर दहा लाख बाइटांमागे साधारण एकदा बाइटांची जोडी उलटी पडत होती. नेटवर्कच्या प्रत्येक टप्प्यावर तपासणी होती, म्हणून लोक निर्धास्त होते. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या मूळ फायली त्या गेटवेतून वारंवार गेल्या आणि त्यांतल्या काही बिघडल्या. शेवटी त्यांच्या मालकांना जुने छापील कागद काढून ओळ न् ओळ हाताने ताडून पाहावी लागली. लेखकांचा निष्कर्ष असा की फाइल बरोबर पोचली का हे ठरवण्याचा अधिकार दोन टोकांनाच आहे. आपल्याकडे पैसे हातोहात जात असले तरी देणारा मोजून देतो आणि घेणारा मोजून घेतो. मधल्या प्रत्येकाने मोजले असले तरी त्या दोन मोजण्या चुकवता येत नाहीत. २० जुलै २००८ रोजी ॲमेझॉनची एस३ ही साठवण सेवा कित्येक तास बंद पडली, त्याचे मूळही इथेच होते. ग्राहकांच्या डेटाला एमडी५ चे संरक्षण होते, पण सर्व्हर आपसांत देत असलेल्या स्थितीच्या निरोपांना तसे नव्हते. काही निरोपांत एकेक बिट उलटला आणि ते चुकीचे निरोप यंत्रणाभर पसरले.

एसएसएचवरून पाठवत असाल तर पारडे बदलते. तिथे प्रत्येक पॅकेटाला सांकेतिक मोहोर असते. वाटेत एक बिट जरी हलला तरी मोहोर जुळत नाही आणि कनेक्शन तुटते. 'करप्टेड मॅक ऑन इनपुट' हा संदेश लोकांना भिववतो. मला तो फार उपयोगी वाटतो: मार्गात काहीतरी खरोखर बिट उलटवते आहे, नेटवर्क कार्ड, रॅम किंवा राउटर बदलून पाहा, इतके तो स्पष्ट सांगतो. आणि एसएसएचने निमूट पोचवलेली फाइल तरीही बिघडलेली असेल, तर नेटवर्कला संशयातून मोकळे करावे. गुन्हा कुठल्यातरी टोकाला झाला आहे.

त्या टोकाला सीएमपी हा युनिक्सवरचा जुना, साधा आदेश मोठे काम करतो. -l हा पर्याय दिला की तो दोन फायलींतला प्रत्येक वेगळा बाइट दाखवतो. सगळीकडे फरक १, २, ४, ८ किंवा अशाच दुपटीतल्या एखाद्या संख्येचा असेल तर एकेकच बिट उलटतो आहे, रॅम तपासा. ४,०९६ बाइटांचे शून्यांचे पट्टे असतील तर वीज केव्हा गेली होती ते विचारा, कारण फाइलची लांबी नोंदली गेली पण मजकूर डिस्कवर उतरलाच नाही. इथे एक सावधगिरी आहे जी अनुभवी माणसेही विसरतात. फाइल उतरल्या उतरल्या घेतलेला चेकसम बहुधा रॅममधल्या प्रतीचा असतो, डिस्कवरच्या नव्हे. तो जुळला म्हणून डिस्क निर्दोष ठरत नाही. ती फाइल सिस्टिम काढून पुन्हा जोडल्यावर तीच फाइल परत तपासावी. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टिम प्रत्येक ठोकळ्याचा चेकसम ठेवतात. ईएक्सटी४ फायलींच्या मजकुराचा ठेवत नाही.

आरसिंकबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. ॲन्ड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेले हे साधन अव्वल आहे, पण काही न सांगितल्यास ते फाइल बदलली का हे आकार आणि तारीख पाहून ठरवते. पलीकडची प्रत आतून सडली आणि दोन्ही गोष्टी तशाच राहिल्या, तर आरसिंक तिला हात लावत नाही आणि रोज रात्री 'सर्व ठीक' म्हणते. महिन्यातून एकदा तरी मजकूर ताडण्याचा पर्याय देऊन चालवावे. एमडी५ वापरू की शा-२५६, हा वाद अपघाती बिघाडापुरता गौण आहे. कुणी मुद्दाम फाइल बदलेल अशी शंका असेल तर एमडी५ सोडावे, त्याचे कवच २००४ मध्येच फुटले.

हे पुस्तक तालुक्याच्या कॉलेजातला लॅब असिस्टंट, छापखान्यातला ऑपरेटर, पतसंस्थेचा हिशेब रात्री मुख्य शाखेला पाठवणारा कर्मचारी यांच्यासाठी आहे. त्यांच्या हाती महागडी साधने नसतात आणि दोष मात्र पहिला त्यांच्याच माथी मारला जातो. बाइटांच्या आकड्यांसह लिहिलेली पाच ओळींची नोंद समोर ठेवली की बोलणे बदलते, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे.

प्रत्येक प्रकरणासोबत दोन नमुना फायली दिल्या आहेत, एक मूळ आणि एक बिघडवलेली. प्रकरण वाचण्याआधी दोन्हींची लांबी बाइटांत लिहून घ्या, वजाबाकी करा आणि वेगळा पडलेला पहिला बाइट शोधा. कारणाचा अंदाज कागदावर लिहा, मगच पान उलटा. सातव्या प्रकरणातल्या जोडीची लांबी अगदी सारखी आहे. तिथे सीएमपीपासून सुरुवात करावी लागेल.